चाळीस प्लांट, एक ईएचएस विभाग: पहिलं वर्ष कसं काढायचं

एका प्लांटचा सेफ्टी ऑफिसर म्हणून बरीच वर्षं काढल्यावर मला मुख्यालयात आणून बसवलं. तोवर एक गेट, एक शेड आणि ओळखीचे चेहरे होते. आता अकरा देश, चाळीस ठिकाणं आणि समोर एक डॅशबोर्ड. पहिल्याच आठवड्यात त्यात एक प्लांट दिसला: तीन वर्षांत एकही दुखापत नाही. मी उत्साहानं अभिनंदनाचं पत्र धाडलं.

सात महिन्यांनी तिथे गेलो आणि प्रथमोपचाराच्या खोलीतली वही चाळली. टाके, भाजलेले हात, एक मोडलेलं बोट. बोट मोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर होता, कारण त्याला घरून गाडीत घालून आणलं होतं आणि ऑफिसात खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. हजेरी लागली, म्हणजे दिवस बुडाला नाही, म्हणजे आकडा शून्य. माझं पत्र नोटीस बोर्डावर फ्रेम करून लावलं होतं. काढा म्हणायचीही लाज वाटली.

तुम्ही अशा कामावर नव्यानं रुजू होत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी. ईएचएस म्हणजे पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षितता. काही कंपन्यांत एचएसई म्हणतात, काहींत एसएचई. मोठ्या कंपनीत या कामाचा निम्म्याहून जास्त भाग एवढाच असतो: वाईट बातमी खालून वर यावी म्हणून वाट मोकळी ठेवायची. खालच्या बहुतेक पायऱ्या शेवटी तिथेच येतात.

आधी हे हाताशी घ्या

- प्रत्येक ठिकाणाचं एक पान: तिथे काय बनतं, काय साठवलं जातं, किती शिफ्ट, किती माणसं कायम आणि किती कंत्राटी. कंत्राटी आकडा मुद्दाम वेगळा मागा, तो सहसा पुसटच असतो.
- परवाने आणि त्यांच्या मुदती: अग्निसुरक्षा, हवा, सांडपाणी, घातक कचरा, बॉयलर आणि दाबाखालची भांडी, क्रेन आणि लिफ्टिंगची साधनं.
- मागच्या ५ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी. त्याशिवाय प्रथमोपचाराच्या वह्यांचे फोटो.
- रसायनांची यादी आणि त्यांच्या सुरक्षा माहितीपत्रकांचा, म्हणजे एसडीएसचा, संच.
- सरकारी निरीक्षकांच्या नोटिसा आणि त्यांना दिलेली उत्तरं.
- मागच्या ऑडिटमधले अजून न मिटलेले मुद्दे.
- विमा कंपनीच्या इंजिनिअरचे तपासणी अहवाल. हे बहुधा फायनान्सवाल्यांच्या कपाटात असतात आणि ईएचएसमधलं कुणी ते मागत नाही. स्प्रिंकलरला पाण्याचा दाब पुरत नाही, गोदामात माल छतापर्यंत रचलाय, असं सगळं त्यात रोखठोक लिहिलेलं असतं. नुकसानभरपाई त्यांना द्यायची असते ना!

१. धोरण लिहिण्याआधी फोन करा

नवीन माणूस आला की त्याला लगेच नवं धोरण काढायची खुमखुमी येते. दोन महिने ती आवरा. प्रत्येक प्लांटच्या ईएचएस प्रमुखाला आणि प्लांट मॅनेजरला वेगवेगळा फोन लावा आणि एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे कुठल्या कामात माणूस मरू शकतो?

दोघांची उत्तरं सारखी आली तर बरं. वेगळी आली तर तिथे आधी जायचं. आणि 'आमच्याकडे असं काही नाही' असं उत्तर आलं, तर त्या प्लांटचं नाव यादीत सगळ्यात वर टाका. फोर्कलिफ्ट, उंचीवरचं काम, वीज, बंदिस्त टाकी यांपैकी काहीच नसलेला कारखाना मी अजून पाहिलेला नाही.

२. कायद्याचं रजिस्टर, देशवार

प्रत्येक देशासाठी तीन रकाने पुरतात: नियम काय, आपल्याला तो कुठे लागू, आणि पाळला जातोय याचा पुरावा कुठला. तयार रजिस्टर विकणाऱ्या संस्था असतात. जरूर घ्या, पण तिसरा रकाना प्लांटनंच भरायचा. तो रिकामा असेल तर रजिस्टर म्हणजे नुसती शोभेची वस्तू.

गंमत अशी की एकच गोष्ट देशोदेशी वेगळी मोजली जाते. आवाजाचंच घ्या. अमेरिकेत ओशाची, म्हणजे कामगार-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेची, कायदेशीर मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे. त्याच देशातली नायोश ही संशोधन संस्था ८५ ची शिफारस करते. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात ८० डेसिबलला माहिती आणि कानाची साधनं द्यावी लागतात, ८५ ला ती वापरणं सक्तीचं होतं आणि ८७ ही कमाल मर्यादा आहे, तीही साधनं घातलेल्या कानापाशी मोजून. म्हणजे ८८ डेसिबलच्या यंत्राशेजारी उभा असलेला तुमचाच एक कामगार एका देशात नियमात बसतो आणि दुसऱ्या देशात कानाच्या साधनाशिवाय उभाच राहू शकत नाही. कान दोघांचे सारखेच. अशा जागी कंपनीनं ८५ धरावं आणि वाद संपवावा.

अपघात कळवण्याच्या मुदतीही अशाच. अमेरिकेत मृत्यू ८ तासांत कळवावा लागतो, आणि रुग्णालयात दाखल करावं लागलं, अवयव तुटला किंवा डोळा गेला तर २४ तासांत. ब्रिटनमध्ये ७ दिवसांपेक्षा जास्त काळ नेहमीचं काम करता आलं नाही तर १५ दिवसांत कळवायचं असतं, गंभीर प्रकार मात्र विनाविलंब. ही मुदत प्रत्येक प्लांटच्या गेटवर स्थानिक भाषेत मोठ्या अक्षरांत लावा. अपघाताच्या रात्री रजिस्टर कुणी उघडत नाही.

इथला नेहमीचा सापळा: मुख्यालयाच्या देशाचा कायदा म्हणजेच जगाचा कायदा असं समजणं. मीही पहिले सहा महिने हेच करत होतो.

३. कंपनीचा किमान दर्जा ठरवा

'स्थानिक कायदा पाळा' एवढं पुरत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा तेव्हा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर जोडलेलाच नव्हता. हेच रसायन ती कंपनी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट इथल्या कारखान्यातही बनवत होती. एका कंपनीच्या दोन प्लांटमध्ये एकच विष असेल, तर कुठल्या यंत्रणा कुणालाही बंद ठेवता येणार नाहीत, हे मुख्यालयानं लिहून ठेवायलाच हवं. मोठ्या कंपन्यांतली किमान दर्जाची कागदपत्रं मी वाचतो तेव्हा पहिल्यांदा हेच शोधतो.

आठ ते दहा विषय पुरे: उंचीवरचं काम, बंदिस्त जागा, ऊर्जा तोडून कुलूप लावणं (म्हणजे दुरुस्ती चालू असताना यंत्र कुणी सुरू करू शकणार नाही), गरम काम (वेल्डिंगसारखं, ठिणग्या उडवणारं), क्रेन आणि लिफ्टिंग, गाड्या आणि फोर्कलिफ्ट, वीज, घातक रसायनं, यंत्रांचे गार्ड, कंत्राटदार. प्रत्येकाला दोनच पानं. माझ्या आधीच्या माणसानं ९० पानांचं मॅन्युअल केलं होतं. ते प्रत्येक प्लांटमध्ये होतं आणि प्रत्येक प्लांटमध्ये त्याची पानं कोरी करकरीत होती.

'शक्यतो', 'योग्य ती काळजी', 'आवश्यकतेनुसार' हे शब्द दिसले की खोडा. 'यंत्र उघडण्याआधी काम करणारा प्रत्येक जण स्वतःचं कुलूप लावेल आणि किल्ली खिशात ठेवेल', असं वाक्य तपासता येतं. 'योग्य ती काळजी' तपासता येत नाही.

भाषांतराला पैसे ठेवा. भाषांतर झाल्यावर ते त्या देशातल्या फोरमनकडून मोठ्यानं वाचून घ्या. आमच्या एका कागदात कुलूप लावण्याच्या नियमाचं भाषांतर 'खोलीला टाळं लावा' असं झालं होतं, आणि दोन वर्षं तिथे इमानेइतबारे खोलीला टाळं लागत होतं.

४. मारणारे धोके वेगळे काढा

१९३१ मध्ये हाइनरिख यांनी मांडलेला त्रिकोण तुम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात दाखवतील: एक मोठी दुखापत, २९ किरकोळ, ३०० बिनदुखापतीच्या घटना. त्यावरून लोक सोयीचा अर्थ काढतात की घसरून पडणं कमी केलं की मृत्यू आपोआप कमी होतील. तसं होत नाही. बोट कापण्याची कारणं वेगळी आणि टाकी फुटण्याची वेगळी.

टेक्सास सिटीतल्या बीपीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला एक मनोरा प्रमाणाबाहेर भरला, ज्वालाग्राही द्रव बाहेर उसळला आणि स्फोट झाला. १५ जण गेले, सुमारे १८० जखमी झाले. गेलेले सगळे कंत्राटदारांची माणसं होती, जवळच उभ्या केलेल्या तात्पुरत्या ट्रेलर-ऑफिसांत आणि त्यांच्या आसपास काम करणारी. नंतर नेमलेल्या बेकर समितीनं २००७ मध्ये स्पष्ट लिहिलं की वैयक्तिक दुखापतींच्या आकड्यांवर भरवसा ठेवल्यामुळे प्रक्रियेतले धोके नजरेआड झाले. मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर २० एप्रिल २०१० ला स्फोट झाला, ११ जण गेले. त्याच दिवशी वरिष्ठ अधिकारी त्या रिगवर आले होते, आणि सात वर्षं दिवस बुडवणारा अपघात झाला नाही याचं कौतुक हे त्यामागचं एक निमित्त होतं. माझं फ्रेममधलं पत्र आठवतंय ना?

म्हणून दोन याद्या करा. पहिलीत पाय मुरगळणं, हात कापणं, पाठ धरणं. दुसरीत आग, स्फोट, विषारी गळती, उंचीवरून पडणं, गाडीखाली येणं, विजेचा धक्का, गुदमरणं. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक धोक्यासमोर तो अडवणाऱ्या गोष्टी लिहा: जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, गॅस डिटेक्टर, गार्ड, दार उघडताच यंत्र थांबवणारा इंटरलॉक. त्यातली प्रत्येक गोष्ट शेवटची कधी तपासली ती तारीखही लिहा. तारीख सापडत नाही तिथे ती यंत्रणा नाही असं धरून चाला.

उपाय निवडताना क्रम ठरलेला आहे: धोका काढूनच टाका, नाहीतर कमी घातक पर्याय आणा, नाहीतर यंत्रणेनं अडवा, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-हातमोजे. प्लांटकडून येणाऱ्या दहा उपायांपैकी आठ 'कामगाराला समज दिली' आणि 'पुन्हा प्रशिक्षण दिलं' असेच असतात. असा अहवाल परत पाठवा, वाईट वाटून घेऊ नका.

५. परमिट आणि कुलूप: शिफ्ट बदलताना काय होतं ते बघा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा असं मी म्हणेन. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-मंचावर १६७ माणसं गेली. दिवसपाळीनं एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि उघड्या तोंडावर झाकण बसवलं होतं. त्याचं परमिट, म्हणजे ते काम करायची लेखी परवानगी, वेगळं, पंपाच्या देखभालीचं परमिट वेगळं. रात्री दुसरा पंप बंद पडला, रात्रपाळीनं पहिला सुरू केला. व्हॉल्व्ह जागेवर नाही हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून १९९० मध्ये १०६ शिफारशी आल्या, आणि परमिटच्या पद्धतीकडे बघण्याची उद्योगाची नजर बदलली.

तुम्ही प्लांटवर गेलात की परमिटची फाईल मागू नका. फाईल नेहमी छानच असते. असं करा:

- शिफ्ट बदलण्याच्या अर्धा तास आधी कंट्रोल रूममध्ये जाऊन गप्प उभे राहा. कुठली परमिटं उघडी आहेत हे जाणारा येणाऱ्याला तोंडी सांगतो का, दाखवतो का?
- चालू कामावर जा आणि परमिटवरचं यंत्र आणि उघडलेलं यंत्र एकच आहे का ते बघा. हसू नका, दोनदा मला वेगळं सापडलंय.
- कुलुपं मोजा, माणसं मोजा. पाच माणसं आणि दोन कुलुपं असतील तर काम थांबवा.
- कुलूप लावल्यावर यंत्र सुरू करून पाहिलं का ते विचारा. ऊर्जा खरंच तुटली याची खात्री करणं हीच पायरी लोक गाळतात. साठलेली हवा, ताणलेली स्प्रिंग, वर अडकवलेलं वजन हीसुद्धा ऊर्जाच.
- सकाळी एकाच सहीनं, एकाच वेळेला सुटलेली वीस परमिटं दिसली, तर सही करणारा जागेवर गेलेला नाही.

बंदिस्त जागांबद्दल एक वेगळी सूचना. टाकी, सायलो, मॅनहोल यांत उतरण्याआधी ऑक्सिजन मोजायचा, तो १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ टक्क्यांच्या वर असेल तर उतरायचं नाही, आणि काम चालू असताना मोजत राहायचं. हे बहुतेकांना पाठ असतं. पाठ नसतं ते पुढचं: आतला माणूस कोसळला तर बाहेरच्यानं आत उडी मारायची नाही. नायोशनं १९८६ मध्ये नोंदवलं होतं की बंदिस्त जागेत जीव गमावणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. म्हणून तिपाई, दोर आणि हार्नेस टाकीच्या तोंडाशी मांडल्याशिवाय परमिटवर सही नको. स्टोअरमध्ये ठेवलेली तिपाई मोजू नका.

६. आकडे: काय मोजायचं आणि कशाला फसायचं नाही

सगळ्या जगभरातून आकडे गोळा करताना पहिली अडचण व्याख्येची. अमेरिकी पद्धतीत प्रथमोपचारापलीकडचे उपचार झाले की घटना नोंदणीयोग्य ठरते: जखमेला टाके पडले तर नोंद, नुसती पट्टी लावली तर नाही. युरोपात अधिकृत आकडेवारी तीन दिवसांहून जास्त गैरहजेरीच्या अपघातांवर चालते. दोन्ही पद्धती एका तक्त्यात घातल्या तर तो तक्ता निरर्थक होतो. कंपनीची एकच व्याख्या ठरवा. स्थानिक कायद्याची नोंद वेगळी चालू द्या.

दुसरी अडचण भाजकाची. टीआरआयआर, म्हणजे नोंदणीयोग्य घटनांचा एकूण दर, काढताना अशा घटनांना २,००,००० नं गुणतात आणि कामाच्या एकूण तासांनी भागतात. दोन लाख हे १०० माणसांचे वर्षाचे तास, आठवड्याला ४० प्रमाणे ५० आठवडे. दिवस बुडवणाऱ्या अपघातांचा दर बऱ्याच ठिकाणी दहा लाख तासांवर काढतात. एका प्लांटनं दोन लाखांवर आणि दुसऱ्यानं दहा लाखांवर पाठवला, तर दुसरा पाचपट वाईट दिसतो. मी एका मॅनेजरला यावरून मीटिंगमध्ये झापलं होतं आणि नंतर माफी मागितली होती.

तिसरी अडचण लहान प्लांटची. ३० माणसं, वर्षाचे ६०,००० तास. एकही घटना नाही तर दर ०, एक झाली तर ३.३३. मध्ये काहीच नाही. अशा प्लांटचा दर महिन्याला आलेखावर चढवून त्यावर चर्चा करणं म्हणजे नाणेफेकीवर चर्चा करणं. लहान ठिकाणांचे आकडे एकत्र करा, तीन वर्षांची सरासरी बघा.

आणि सगळ्यात मोठा सापळा: बोनस. शून्य अपघाताला बक्षीस लावलंत की अपघात थांबायच्या आधी नोंदी थांबतात. 'अपघाताशिवाय इतके दिवस' असा फलक गेटवर असेल, तर तो पुन्हा शून्यावर आणायचं धाडस कोण करणार? एका शिफ्टच्या चाळीस जणांची बक्षिसं एका कापलेल्या बोटानं जाणार असतील, तर बोटवाला गप्प बसतो. फलक काढायला मला दीड वर्ष लागलं, कारण प्रत्येक मॅनेजरला तो फार आवडायचा.

त्याऐवजी काय मोजायचं? किती नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, कळवले गेले, त्यातल्या किती गोष्टी ३० दिवसांत दुरुस्त झाल्या, सुरक्षिततेची किती देखभाल-कामं मुदतीबाहेर आहेत, कामगारांनी स्वतः किती वेळा काम थांबवलं. नियर मिसचा आकडा वाढला तर घाबरू नका. नव्या पद्धतीनंतर पहिल्या वर्षी तो वाढायलाच हवा, आणि ही गोष्ट संचालकांना आधीच सांगून ठेवा. आकडा चढल्यावर सांगितलंत तर ती सबब वाटते.

नियर मिस कळवणाऱ्याला आठवड्याच्या आत उत्तर गेलं पाहिजे, 'जमणार नाही, कारण अमुक' असं का असेना. उत्तर न आलेला माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही.

७. कंत्राटदार

थोडक्यात: त्यांचे तास मोजा, त्यांचे अपघात मोजा, आणि निविदेत सुरक्षिततेचा खर्च वेगळ्या ओळीत लिहायला लावा. तो एकूण रकमेत मिसळला की भाव कमी करताना तोच पहिल्यांदा कापला जातो. उपकंत्राटदार एका पातळीपर्यंतच, त्याखाली नको. परचेस खात्याशी मैत्री करा, ती कुठल्याही मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडते.

८. आरोग्य: सावकाश मारणारं

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अंदाजानुसार २०१६ मध्ये कामाशी संबंधित कारणांनी सुमारे १९ लाख माणसं गेली, आणि त्यातले ८१ टक्के मृत्यू असंसर्गजन्य आजारांचे होते. एकट्या लांबलचक तासांच्या, म्हणजे आठवड्याला ५५ किंवा जास्त तासांच्या कामामागे सुमारे साडेसात लाख. तरी आपल्या मीटिंगमध्ये हेल्मेटवर अर्धा तास आणि ओव्हरटाइमवर शून्य मिनिटं जातात.

कमीत कमी इतकं करा. धूळ, वाफा, आवाज, उष्णता यांची प्रत्यक्ष मोजमापं घ्या. ऐकण्याची आणि फुप्फुसांची तपासणी रुजू होताना आणि नंतर ठराविक काळानं करा, आणि निकाल व्यक्तीचं नाव काढून विभागवार मांडा. एका विभागातल्या सहा जणांचं ऐकणं एकाच बाजूनं घसरलं असेल तर दोष माणसांत नाही. वैयक्तिक अहवाल डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहतील असं लेखी द्या, नाहीतर लोक तपासणीला येऊन खोटं सांगतील.

एसडीएसचे १६ भाग असतात. सगळे वाचायला वेळ नसेल तर २, ४, ७ आणि ८ वाचा: धोके, प्रथमोपचार, हाताळणी आणि साठवण, संपर्काच्या मर्यादा आणि साधनं. रसायन वापरणाऱ्याच्या भाषेत तो नसेल तर तो तिथे नाही असं समजा.

मानसिक ताण हाही याच खात्याचा विषय आहे. २०२१ मध्ये त्यावर आयएसओ ४५००३ हे मार्गदर्शक मानक आलं. त्याची सुरुवात योगवर्गापासून करू नका, शिफ्टच्या वेळापत्रकापासून करा.

९. पर्यावरण: गटारांचा नकाशा

प्रत्येक प्लांटकडून एकच कागद मागा: पावसाच्या पाण्याचं गटार आणि सांडपाण्याचं गटार दाखवणारा नकाशा. मग जागेवर जाऊन झाकणं उघडून बघा. नकाशा आणि जमीन जुळलेली मला फार थोड्या ठिकाणी दिसली. टाकीभोवतीच्या बांधात सर्वात मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव मावावं असा सर्वसाधारण संकेत आहे. त्या बांधाचा निचरा-व्हॉल्व्ह बंद आहे का, हेही बघा. पावसाळ्यात पाणी काढायला उघडतात आणि तसाच राहतो.

आग विझवायचं पाणी कुठे जाईल, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली. ती विझवली गेली, पण कीटकनाशकं मिसळलेलं ते पाणी ऱ्हाइनमध्ये गेलं, नदी लाल झाली आणि मैलोगणती मासे मेले. तुमच्या सगळ्यात मोठ्या रसायन-गोदामासाठी तासाभराच्या पाण्याचा हिशेब करा आणि ते अडवायला जागा आहे का ते सांगा, एवढंच प्रत्येक प्लांटला विचारा. उत्तरं वाचण्यासारखी असतात.

१०. प्रमाणपत्रं आणि भेटी

आयएसओ १४००१ पर्यावरणासाठी, आयएसओ ४५००१ आरोग्य-सुरक्षिततेसाठी. दुसरं मार्च २०१८ मध्ये आलं आणि त्यानं ओहसास १८००१ या जुन्या मानकाची जागा घेतली. प्रमाणपत्र घ्या, ग्राहक मागतात आणि शिस्तही लागते. पण भिंतीवरचं प्रमाणपत्र पाहून भेट लहान करू नका. अंतर्गत ऑडिटला शेजारच्या देशातल्या प्लांटची माणसं पाठवा. ती मुख्यालयातल्या माणसांपेक्षा जास्त बघतात, शिवाय चांगल्या कल्पना उचलून घरी नेतात.

भेटीत स्वागताचं सादरीकरण शेवटच्या दिवशी ठेवायला सांगा. पहिल्या दिवशी रात्रपाळी बघा. देखभाल करणाऱ्या फिटरशी मॅनेजर बाजूला नसताना बोला, आणि दुभाषा लागला तर तो त्याच प्लांटच्या एचआरमधला नको. स्वतःचे बूट, चष्मा, हेल्मेट घेऊन जा. पादचारी पट्टी सोडून चाललात तर तुमची भेट तिथेच संपली.

११. रात्रीच्या फोनची तयारी

हा फोन येणारच. फोनच्या यादीत प्रत्येक प्लांटचे दोन क्रमांक, तिथली आणीबाणीची सरकारी सेवा, जवळचं भाजलेल्यांवर उपचार करणारं रुग्णालय, कंपनीचा वकील आणि संवाद विभाग हवेत. तीन महिन्यांनी एकदा रात्री फोन लावून बघा. आमच्या यादीतल्या एका क्रमांकावर कंपनी सोडून गेलेला माणूस 'हॅलो' म्हणाला होता.

फोन आल्यावर विचारायचे प्रश्न याच क्रमानं लिहून उशाशी ठेवा: माणूस कसा आहे आणि कुठे आहे? बाकीची मोजली का? धोका अजून चालू आहे का? घरच्यांना कुणी कळवलं, की कुणी अजून निघायचंय? जागा जशीच्या तशी राखली का? सरकारी मुदतीचं घड्याळ कधी सुरू झालं? 'चूक कुणाची' हा प्रश्न या यादीत नाही. पलीकडचा माणूस स्वतःहून सांगायला लागला तरी त्याला हळूच थांबवा, ते नंतर, नीट, सगळ्यांसमोर.

फोन ठेवण्याआधी त्याला विचारा की तुमच्याजवळ आत्ता कोण आहे. एकटाच असेल तर दुसरं कुणी येईपर्यंत लाइन चालू ठेवा.